न काढलेली तांबी

मोठ्या सिस्टर आता इथे नाहीत, निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेल्या, असं खिडकीतल्या मुलीने मान वर न करता सांगितलं. कॉलरवालीने पुन्हा विचारलं. मुलीने पुन्हा तेच सांगितलं, या खेपेला जरा चिडून. आता नव्या डॉक्टरीणबाई स्वतःच बघतात, नंबर लागेल तसं आत जा, पुढच्या बाईला येऊ द्या.

मागे सासूबाई उभ्या होत्या, हातात कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि सुनेसाठी एक जुना मऊ टॉवेल. दवाखान्यात जायचं तर टॉवेल लागतोच, असं त्यांचं मत होतं. "नसेनात का सिस्टर," त्या म्हणाल्या, "काम तर तेच आहे ना," आणि बाकावर जागा धरून बसल्या.

काम तेच नव्हतं, आणि ते सासूबाईंना ठाऊक नव्हतं. सगळी गोम तिथेच होती.

तर गोष्ट अशी, की कॉलरवालीचा नवरा वेल्डर. लांबलांबच्या पाइपलाइनींवर त्याचं काम चाले. कित्येक महिने बाहेर, मग महिनाभर घरी, की पुन्हा बाहेर. ती स्वतः शर्टांच्या कारखान्यात कॉलर बसवायची, म्हणून तिथे तिचं नाव कॉलरवाली. शेजारच्या मशीनवर काजवाली, पलीकडे बटणवाली. तिथे बायका आपापल्या शर्टाच्या तुकड्यावरून ओळखल्या जात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. घरी सासूबाई, ती आणि शाळेत जाणारी एक लेक. दुसरं मूल नको म्हणून लेकीच्या पाठोपाठ तिने तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवून घेतली. इथवर सगळं चारचौघींसारखंच.

पण नवरा पहिल्यांदा मोठ्या कामावर गेला आणि आठवड्याच्या आत सासूबाईंनी फर्मान काढलं, की चल, ती काढून टाकू. का, तर घरात पुरुष नाही, मग ती वस्तू अंगात कशाला? तो आला की बसवू परत. सून आधी हसली. तिला वाटलं, चेष्टा चाललीय. सासूबाई हसल्या नाहीत. जिन्यात उभ्या राहून, भिंतीकडे बघत त्या एवढंच म्हणाल्या, "नवरा इथे नसताना ती कोणासाठी ठेवायची?" तो "कोणासाठी" सुनेच्या मनात असा रुतला की पुढे कित्येक दिवस शिलाई घालताना मध्येच तिचा पाय मशीनवरून निघायचा. लोक काय म्हणतील, हेही सासूबाईंनी जोडीला सांगितलं. लोकांना कुठून कळणार होतं, हे विचारायची सोय नव्हती.

मग तेच चालू झालं. तो येणार म्हटलं की सासूबाई गादीवरची चादर बदलत आणि सुनेला दवाखान्यात नेत. तो गेला की पुन्हा नेत. दुसऱ्या बायका एकदा तांबी बसवतात आणि वर्षानुवर्षं विसरून जातात. हिच्याकडे ती पाहुणीसारखी यायची-जायची. दर वेळी ओटीपोटात कळा, दर वेळी पुढची पाळी अंगावर धो धो. तिने नवऱ्याजवळ फोनवर रडून सांगितलं, तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "आई जुन्या वळणाची आहे गं. मनावर घेऊ नकोस. तिचं ऐक, म्हणजे घरात शांतता राहील." हे वाक्य तिने फार जपलं. निदान नवरा तरी आपल्या बाजूचा आहे, असं तिला वाटायचं, आणि सगळा राग ती सासूबाईंच्या खात्यावर टाकायची.

असं चालू असताना एकदा तो न कळवता आला. संध्याकाळी दारात उभा, पाठीवर बॅग, हातात लेकीसाठी लाल छत्री. साइटवर पाणी भरलं, काम बंद पडलं, म्हणाला. तिला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं होतं. तांबी अंगात नव्हती, आणि इतक्या महिन्यांनी आलेल्या नवऱ्याला दवाखाना उघडेपर्यंत थांब म्हणायला तिची जीभ रेटली नाही. तिला दिवस राहिले. मूल पोटात जरा मोठं झालं आणि एका सकाळी स्वयंपाकघरातच सगळं गेलं. रक्त थांबेना. फरशीवर पाय घसरत होता आणि लेक शाळेचं दप्तर पाठीवर घेऊन दारात उभी राहून बघत होती. मोठ्या इस्पितळात रक्ताच्या बाटल्या चढवल्या तेव्हा ती वाचली. तिथल्या डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा दिवस गेले तर आम्ही काही हमी देणार नाही. कायमचं ऑपरेशन करून घेते, असं ती म्हणाली, तर नवऱ्याने डोळे पुसत सांगितलं, इतकी घाई नको, पुढेमागे बघू.

आणि एवढं होऊनही, तब्येत सुधारल्यावर तिने नवी तांबी बसवून घेतली, नवरा कामावर परत गेला, आणि सासूबाई कापडी पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. चल.

त्या दिवशी तिला सासूचा गळा दाबावासा वाटला होता, हे खोटं कशाला सांगा. पण ती पडद्याआड गेली आणि मोठ्या सिस्टरांचा हात धरून रडली. सिस्टर म्हणजे पिकलं पान, सगळं पाहिलेली बाई. त्यांनी तिला टेबलावर नुसतं पडून राहायला सांगितलं, ट्रेमधली हत्यारं जरा खणखण वाजवली, नळ सोडला, बंद केला, आणि बाहेर जाऊन सासूबाईंना सांगितलं, झालं. जाता जाता हिच्या कानात म्हणाल्या, दर पाळीनंतर बोटाने तांबीचा दोरा चाचपत जा. कधी लागेनासा झाला तर आधी मला दाखव. मध्ये कोणाला दुसरी बसवू देऊ नकोस, एकीवर दुसरी घालायला गेलं तर गर्भपिशवीला भोक पडायचं.

अडचण अशी, की गेल्या दोन पाळ्यांनंतर दोरा लागला नव्हता. तांबी पडून गेली, की वर सरकली, की आहे तिथेच आहे, काहीच कळेना. आज जाऊ, उद्या जाऊ करत तिने दिवस ढकलले. काल नवऱ्याचा फोन आला, उद्या संध्याकाळी पोचतो. तरीही ती अगदी घाबरली नव्हती, कारण सिस्टर होत्या. सिस्टर तपासतील, पुन्हा खणखण वाजवतील, बाहेर येऊन झालं म्हणतील. सकाळी कारखान्यात तिच्या हातून एक कॉलर उलटी बसली तेव्हा काजवाली म्हणालीसुद्धा, साहेब येतायत वाटतं, आजच्या शर्टांचं काही खरं नाही. ती हसली होती. आता बाकावर सासूबाईंच्या शेजारी बसून तिला ते हसू आठवलं.

नव्या बाई तपासणार. तपासलं की दोरा दिसणार, किंवा तांबीच दिसणार. त्या सगळ्यांसमोर विचारणार, ही तर आहेच, मग आलात कशाला? आणि सासूबाईंच्या मनात तो जिन्यातला प्रश्न पुन्हा उभा राहणार. नवरा इतके महिने बाहेर, तांबी चोरून आत ठेवलेली, सासूला काढली म्हणून सांगितलेलं. एवढ्यावरून बाईचं घर मोडतं. कशासाठी ठेवली हे कोणी विचारत बसत नाही, कोणासाठी हेच विचारतात. लेक कोणाकडे राहील, इथपर्यंत तिचं मन जाऊन आलं.

तिने एकदा प्रयत्न करून पाहिला. आज राहू दे, पोटात दुखतंय, म्हणाली. सासूबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. मग तुम्ही घरी जा, पोरगी शाळेतून येईल, मी एकटी येते करून, म्हणाली. पोरीला यायला अवकाश आहे, सासूबाई म्हणाल्या. 

नंबर आला. आतली खोली छोटी, मध्ये हिरवा पडदा, पडद्याच्या अलीकडे खुर्ची. खुर्चीवर सासूबाई बसल्या. पडदा म्हणजे फक्त नजरेपुरता, शब्द सगळे आरपार. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला नीट, पण बाहेर रांग होती आणि त्यांचं निम्मं लक्ष तिकडे होतं. याआधी कधी बसवली होती का, त्यांनी हिला विचारलं. उत्तर खुर्चीतून आलं.

"होती की. तो गेला तेव्हा काढली. इथेच."

"कोण गेला?" बाईंनी दचकून विचारलं. त्यांना वाटलं, माणूस गेला.

कामावर गेला, सासूबाईंनी खुलासा केला. काही त्रास होत होता म्हणून काढली का, बाईंनी विचारलं. त्रास नव्हता, लागत नव्हती म्हणून काढली, सासूबाई म्हणाल्या. बाईंनी पडद्याकडे एक नजर टाकली, मग टेबलावरच्या बाईकडे, आणि हातमोजे चढवले.

तिने डोळे मिटून घेतले. वर पंखा कुरकुरत होता. थंड हत्यार लागलं, दिवा सरकला, आणि ती वाट बघत राहिली, की आता बोलतील, आता बोलतील.

"सगळं ठीक दिसतंय," बाई म्हणाल्या. "बसवून टाकू."

तिला क्षणभर कळेचना. मग कळलं. दोरा दिसलाच नव्हता. बाईंना वाटत होतं, काढलेली आहे, म्हणजे आत काही नाही. ती सुटली होती. आता फक्त गप्प पडून राहायचं. नवी बसेल, सासूबाई टॉवेल पुढे करतील, दोघी घरी जातील, संध्याकाळी नवरा येईल. कोणाला कधीच काही कळणार नाही. तिचा श्वास मोकळा झाला, आणि त्याच श्वासात तिला मोठ्या सिस्टर आठवल्या. एकीवर दुसरी.

पडून गेली असेल तर काहीच नाही. पण आत असेल तर? बाईंनी नव्या तांबीचं पाकीट फाडलं. त्याचा बारीकसा आवाज झाला. पाकिटाच्या त्या आवाजासरशी तिला स्वयंपाकघरातली फरशी दिसली, आणि दारातलं दप्तर. एकीकडे अब्रू आणि एकीकडे जीव, आणि अब्रू खुर्चीवर बसून ऐकत होती.

"थांबा," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "बसवू नका. आधीची काढलेली नाही."

बाईंचा हात थांबला. पडद्यापलीकडे खुर्ची कुरकुरली.

"म्हणजे आत आहे?"

"असेल. दोरा लागत नाही दोन महिने. मी काढू दिलीच नव्हती."

बाई खाली वाकल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, त्यांना माहीत नव्हतं का? आता हळू बोलून काय उपयोग होता? झालं आता, ती म्हणाली, आणि उठून बसली.

सोनोग्राफीची खोली समोरच होती, पण तिथे जायला पडद्याबाहेर यावं लागत होतं, खुर्चीसमोरून जावं लागत होतं. ती अनवाणी, एका हाताने परकर धरून बाहेर आली. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते तिला वाचता आलं नाही, कारण तिने लगेच मान खाली घातली. तेव्हा तिला दिसलं, की सासूबाईंनी पायानेच तिच्या चपला तिच्याकडे सरकवल्या आहेत.  तिने चपला घातल्या आणि समोरच्या खोलीत गेली.

मशीनच्या पडद्यावर सगळं करडं करडं, भिजलेल्या भिंतीसारखं. त्यात एक पांढरी रेघ. डॉक्टरीणबाईंनी त्या रेघेवर बोट ठेवलं. आहे, म्हणाल्या. अगदी जागेवर आहे. दोरा आत ओढला गेलाय, एवढंच, होतं असं कधी कधी. अजून बरीच वर्षं चालेल, कोणी सांगितलं तरी हात लावू देऊ नका. मग जरा थांबून म्हणाल्या, बोललात ते बरं केलंत, नाहीतर माझ्या हातून भलतंच झालं असतं. हवं तर तुमच्या सासूबाईंशी मी बोलते.

"मीच बोलते," ती म्हणाली, आणि तोंड पुसत बाहेर आली. रडू कशाचं येत होतं ते तिला सांगता आलं नसतं. जीव वाचला होता आणि घर गेलं होतं, बहुतेक त्याचंच.

खुर्ची रिकामी होती. बाकही रिकामा. कापडी पिशवी नव्हती. सासूबाई घरी गेल्या, तिला वाटलं, आणि नवरा येण्याआधी शेजारपाजार गोळा करतील. ती जवळजवळ पळतच जिन्यापाशी आली. सासूबाई मधल्या वळणावर पायरीवर बसल्या होत्या, पिशवी मांडीवर, टॉवेलची घडी हातात.

"आहे?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"आहे."

"जागेवर?"

"हो."

 खालून कोणीतरी खोकत वर आलं, त्यांना वळसा घालून गेलं. सूनबाईला आता थांबवेना. इतकी वर्षं जे गिळलं होतं ते बाहेर पडलं. तिने सांगून टाकलं, की तुम्ही आता काय विचारणार ते मला ठाऊक आहे, या जिन्यात नाही विचारलंत तर घरच्या जिन्यात विचाराल. माझ्यासाठी ठेवली. जगायचं होतं म्हणून ठेवली. दुसरा कोणी नाही, कधी नव्हता. मी स्वयंपाकघरात कशी पडले होते ते तुम्ही पाहिलंय, माझं डोकं तुमच्याच मांडीवर होतं, आणि तरीही तुम्ही महिन्या-दोन महिन्यांत मला परत इथे आणलंत. तुम्हाला पाझर कसा फुटला नाही, आई?

सासूबाईंनी टॉवेलची घडी मोडली, पुन्हा घातली.

"मी नाही काढायला लावत," त्या म्हणाल्या. "तो लावतो."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"दर वेळी जाताना सांगून जातो. मी स्टँडवर सोडायला जाते ना, तिथे. पहिल्यांदा मी त्याच्या अंगावर ओरडले होते. म्हटलं, लाज वाटते का तुला? तर म्हणाला, तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, मग ती माझ्याबद्दल काय विचार करेल ते बघ." त्या थांबल्या. "मी म्हटलं, सासूवर राग धरून बायका संसार करतात. सगळ्याच करतात, मीही केला. नवऱ्यावरून मन उडालं की संपलं. म्हणून माझ्या तोंडाने सांगितलं. तू मला मनातल्या मनात काय काय म्हणायचीस ते मला कळत नव्हतं असं नाही."

पुढचं त्यांनी तुटक तुटक सांगितलं. ती इस्पितळात होती तेव्हा त्यांनी मुलाला बाहेर घेऊन सुनावलं होतं, की आता पुरे. तो ढसाढसा रडला होता, शपथा घेतल्या होत्या. आणि निघताना स्टँडवर, बस लागल्यावर, पुन्हा तेच सांगून गेला होता.

"आणि तेव्हा," सूनबाईने विचारलं, "न कळवता आले होते तेव्हा? साइटवर पाणी भरलं होतं ना?"

सासूबाईंनी तिच्याकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं.

"पाणीबिणी काही नव्हतं. बघायला आला होता."

ती भिंतीला टेकली. लाल छत्री अजून घरात दाराच्या मागे टांगलेली होती. लेक पावसात दुसरी कुठली छत्री घ्यायला तयार नसायची. त्या संध्याकाळी तो दारात उभा राहून तिच्या खांद्यावरून आत खोलीत बघत होता, ते तिला आता आठवलं. तिला वाटलं होतं, लेकीला शोधतोय. त्या एका संध्याकाळच्या आनंदावर तिने पुढचं सगळं निभावलं होतं, ते रक्तसुद्धा, आणि तो आनंदच मुळात खोटा निघाला.

"माझ्याशी खोटं बोललीस ते मी विसरणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "सिस्टर आत भांडी वाजवत होती आणि मी मूर्खासारखी बाहेर बसून होते. मला सांगितलं असतंस तर?"

"कसं सांगणार होते?"

सासूबाईंनी यावर विचार केला. "खरं आहे," त्या म्हणाल्या. "कसं सांगणार."

तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. सासूबाईंना कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज कायम मोठा असे. झालं का काम, वेल्डरने विचारलं. त्याच्या मागे बसचा खडखडाट होता. सासूबाई सुनेकडे बघत होत्या.

"झालं," त्या म्हणाल्या. "बसवली."

तिला दे, तो म्हणाला. सासूबाईंनी फोन पुढे केला. तो घ्यावा की नाही, असं सूनबाईला क्षणभर वाटलं. मग तिने घेतला.

"काय गं, नेलंच का आईने परत?" त्याच्या आवाजात तेच हसू होतं, मऊ, जवळचं. "काय करणार, जुन्या वळणाची आहे. मनावर घेऊ नकोस तिचं."

"नाही घेत," ती म्हणाली.

संध्याकाळी पोचतो, पोरीला झोपू देऊ नकोस, तो म्हणाला, आणि फोन बंद झाला. सूनबाईने तो पिशवीत ठेवला, पाण्याच्या बाटलीशेजारी.

"काय म्हणाला?"

"तुमचं मनावर घेऊ नकोस म्हणाले."

सासूबाईंचा चेहरा उतरला. इतकी वर्षं सुनेच्या शिव्या त्या धरूनच चालल्या होत्या. मुलाचं हे वाक्य त्यांनी कधी ऐकलं नसावं. कठडा धरून त्या उठल्या. गुडघा वाजला, पण टेकायला त्यांनी सुनेचा हात मागितला नाही. दोन पायऱ्या उतरून थांबल्या.

"या वेळी तो निघेल तेव्हा स्टँडवर तू जा सोडायला," त्या म्हणाल्या. "मी नाही येणार. जे काय सांगायचं असेल ते त्याला तुझ्या तोंडावर सांगू दे."

सूनबाई त्यांच्या मागून उतरू लागली. खालच्या पायरीवर तिने त्यांच्या हातातली पिशवी घेतली. त्यांनी ती दिली, आणि दोघी रस्त्याला लागल्या.